सघन जोडताऱ्यांची गती आणि व्यापक सापेक्षता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुरुड-जंजिऱ्याहून काशीदकडे निघाले की वाटेत नांदगाव लागते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी याच गावात गणेश दैवज्ञ ग्रहांचे गणित करत होते. थंडीच्या दिवसांत आम्ही काही मंडळी याच पट्ट्यातल्या किनाऱ्यावर दुर्बीण लावून बसतो. शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी येतात, त्यांचे शिक्षक येतात, आणि शनीची कडी पाहून झाली की गाडी हमखास गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटात (अवकाशकालात) उठणाऱ्या तरंगांवर येते. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे किंवा दोन कृष्णविवरे यांच्या गतीचे गणित कसे मांडतात, याविषयी तेथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची थोडी सविस्तर उत्तरे येथे दिली आहेत. दहावीपर्यंतचे विज्ञान येत असलेल्या वाचकाला बहुतेक भाग समजावा. एखाददुसरा परिच्छेद मात्र दोनदा वाचावा लागेल.

‘सघन’ जोडतारे कशाला म्हणायचे?

दोन तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले जाऊन एका सामाईक बिंदूभोवती फिरत असतील, तर त्यांना जोडतारे म्हणतात. त्यांतला प्रत्येक घटक श्वेतबटू, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असेल, तर ती जोडी सघन होय. सघनता मोजण्यासाठी ताऱ्याचे वस्तुमान गुरुत्वीय स्थिरांकाने गुणून त्याला त्रिज्या आणि प्रकाशवेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागतात. ही संख्या सूर्यासाठी दहा लाखांत दोन इतकी क्षुद्र येते, श्वेतबटूसाठी दहा हजारांत एकाच्या आसपास, सूर्याच्या १.४ पट वस्तुमान अवघ्या १२ किमी त्रिज्येत कोंबलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यासाठी सुमारे ०.१७, आणि न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ०.५. या पृष्ठावर मुख्यतः शेवटच्या दोन प्रकारांचा विचार केला आहे.

न्यूटनच्या सूत्राने चंद्रावर यान उतरते. मग येथे वेगळे गणित कशाला?

न्यूटनच्या सिद्धांतात दोन पिंडांचा प्रश्न इतका देखणा सुटतो की त्याची सवय लागते. दोघांच्या मधले अंतर हीच एक राशी धरली की दोन पिंडांचा प्रश्न एका पिंडाचा होतो, कक्षा लंबवर्तुळाकार येते आणि ते लंबवर्तुळ अवकाशात जागच्या जागी कायमचे राहते. एकदा मांडलेले गणित कोट्यवधी वर्षे बदलावे लागत नाही.

व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, हे सगळे ढासळते. न्यूटनच्या बलासाठी ‘दुसरा तारा या क्षणी कोठे आहे’ एवढे कळले की पुरते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात ‘या क्षणी’ हा शब्दच सर्वांसाठी एक नसतो आणि एका ताऱ्याची खबर दुसऱ्याकडे प्रकाशाच्या वेगानेच पोहोचते. शिवाय ऊर्जा कोणत्याही रूपात असली तरी ती गुरुत्वाकर्षण निर्माण करते, आणि गुरुत्वीय क्षेत्राच्या ऊर्जेलाही त्यातून सूट नाही. त्यामुळे दोन ताऱ्यांची स्वतंत्र क्षेत्रे काढून त्यांची बेरीज केली तर ती बेरीज चुकते. गती, अंतर आणि अवकाशकालाची वक्रता ही एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक ठरवायला बाकीची आधी माहीत असावी लागतात. तिसरी अडचण सर्वांत परिणामकारक आहे. फिरणारी जोडी गुरुत्वीय लहरींच्या रूपात ऊर्जा बाहेर टाकते, म्हणून कक्षा कायम राहतच नाही, ती आकसत जाते.

म्हणजे आइन्स्टाइनची समीकरणे दोन पिंडांसाठी नेमकी सुटतच नाहीत?

कागदावर, बंदिस्त सूत्राच्या रूपात, नाही. एकट्या, न फिरणाऱ्या गोलाकार पिंडाचे उत्तर कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिले. स्वतःभोवती फिरणाऱ्या एकट्या कृष्णविवराच्या उत्तरासाठी रॉय कर यांच्यापर्यंत, म्हणजे १९६३ पर्यंत, थांबावे लागले. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन पिंडांचे तसे उत्तर आजही नाही, आणि लहरींच्या गळतीमुळे ते साध्या रूपात असण्याची अपेक्षाही कोणी ठेवत नाही. म्हणून सन्निकटन करावे लागते. येथे सन्निकटन म्हणजे अंदाजपंचे नव्हे. किती चूक शिल्लक राहिली हे सांगता येणारे उत्तर, असा त्याचा अर्थ आहे.

ते सन्निकटन करतात तरी कसे?

किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजवायला पाऊणकी पुरते. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशोब आपल्याकडे अनेकांच्या तोंडी असतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मासळीसाठी खाडीत उतरणाऱ्याला किंवा ओहोटीच्या वेळेत पाण्यातला किल्ला पाहून यायचे असलेल्याला एवढे बस होते. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, कारण चंद्राची कक्षा वर्तुळाकार नाही, सूर्याचेही आकर्षण आहे आणि प्रत्येक खाडीचा तळ निराळा आहे. बंदरात जहाज आणणाऱ्याला ही चूक चालत नाही. त्याच्या कोष्टकात या प्रत्येक कारणाचा वेगळा संस्कार केलेला असतो. मूळ नियम मात्र कोणी फेकून देत नाही, त्यावर संस्कार चढवले जातात.

जोडताऱ्यांच्या गणितात न्यूटनचे उत्तर ही पाऊणकी आहे. त्यावर चढवायच्या संस्कारांचा आकार वेगाच्या वर्गाला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येणाऱ्या लहान संख्येने ठरतो. ही संख्या एकदा आली की पहिली न्यूटनोत्तर पायरी, तिचा वर्ग आला की दुसरी, घन आला की तिसरी. वेगाच्या विषम घातांमुळे दीड, अडीच, साडेतीन अशा अर्ध्या पायऱ्याही येतात. दीडकी-अडीचकी पाठ केलेल्या पिढीला या नावांचे नवल वाटू नये.

पहिल्या पायरीची समीकरणे लोरेन्ट्झ आणि ड्रोस्ते यांनी १९१७ मध्येच मांडली होती, पण ती फारशी कोणाच्या नजरेत भरली नाहीत. १९३८ मध्ये आइन्स्टाइन, इन्फेल्ड आणि हॉफमन यांनी ती पुन्हा काढली आणि त्यांचीच नावे त्यांना चिकटली. १९६५ पासून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी वायुरूप पिंडांसाठी हाच मार्ग पद्धतशीरपणे चालवला. पुढच्या पायऱ्यांचे कष्ट मात्र झपाट्याने वाढतात. पहिल्या पायरीची समीकरणे पाटीवर बसतात. चौथीची छापायला पानेच्या पाने लागतात. ताऱ्याला बिंदू मानले तर त्या बिंदूपाशी त्याचे स्वतःचे क्षेत्र अनंत होते, आणि तिसऱ्या पायरीवर या अनंताने गणितज्ञांना खरोखर अडवले. शेवटी अवकाशाच्या मिती तीनऐवजी थोड्या वेगळ्या धरून सगळे गणित करायचे आणि अखेरीस तीनवर परतायचे, या युक्तीने ती कोंडी फुटली. ऐकायला हातचलाखी वाटते, पण स्वतंत्र रीतींनी काढलेली उत्तरे जुळली आहेत.

‘अडीचव्या पायरी’चा एवढा गवगवा का?

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीपर्यंत कक्षेचे चलच्चित्र उलटे चालवले तरी ते नियमांत बसते. ऊर्जा कायम राहते. अडीचव्या पायरीवर प्रथमच असे पद येते की ज्यामुळे उलटे चित्र खोटे ठरते. लहरी ऊर्जा घेऊन निघून जातात आणि कक्षा आकसते. वेगाचा पाचवा घात असल्याने हा परिणाम सुरुवातीला नगण्य असतो, पण तो एकाच दिशेने साचत जातो, आणि साचणाऱ्या लहान चुकीपुढे कोणताही हिशोबनीस हात टेकतो.

याचा प्रत्यक्ष पडताळा मिळाला आहे का?

मिळाला आहे, आणि तो आकड्यांनिशी पाहण्यासारखा आहे. १९७४ मध्ये रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी पोर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीने एक स्पंदक शोधला. स्पंदक म्हणजे दीपगृहासारखा रेडिओ झोत फिरवणारा न्यूट्रॉन तारा. याचा झोत दर ५९ सहस्रांश सेकंदांनी येत होता, पण ठोके कधी लवकर येत, कधी उशिरा. कारण हा तारा दुसऱ्या एका न दिसणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती ७ तास ४५ मिनिटांत एक फेरी मारत होता. दोघांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे १.४४ आणि १.३९ पट आहेत. कक्षा बरीच लांबट असून तिची विमध्यता (लांबटपणाचे माप, वर्तुळासाठी शून्य) ०.६१७ आहे, दोघे जवळ असताना अंतर साडेसात लाख किमीच्या आसपास असते, तर लांब असताना ३१ लाख किमीहून अधिक.

आता पहिली पायरी लावून पाहू. तिच्या सूत्राप्रमाणे कक्षेचा लांब अक्ष दर फेरीला ०.००३७ अंशाने पुढे सरकायला हवा. वर्षात अशा सुमारे ११३० फेऱ्या होतात, म्हणजे वर्षाला ४.२ अंश. नेमके एवढेच सरकणे मोजले गेले. बुधाच्या कक्षेतले हेच सरकणे शंभर वर्षांत ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतके असते. येथे जवळजवळ तितके सरकणे एका दिवसात होते.

अडीचव्या पायरीचा पडताळा याहून नाजूक आहे. पीटर्स आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लांबट कक्षेसाठी काढलेल्या सूत्रानुसार, याच आकाराची कक्षा वर्तुळाकार असती तर जितकी ऊर्जा गेली असती त्याच्या जवळजवळ १२ पट ऊर्जा या लांबट कक्षेतून जाते, कारण दोघे जवळ येतात त्या थोड्या वेळात लहरींचा मोठा भडका उडतो. त्यामुळे फेरीचा काळ दर वर्षी एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे ७६ भागांनी कमी व्हायला हवा, आणि कक्षा वर्षाला साडेतीन मीटर आकसायला हवी. सात तासांच्या फेरीत एवढासा फरक कोण मोजणार, असा प्रश्न येथे हमखास येतो. उत्तर असे की एक फेरी मोजायचीच नाही. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित लवकर संपते आणि ही घाई साचत जाते, तीही काळाच्या वर्गाच्या प्रमाणात. ३० वर्षांनंतर तारे जवळच्या बिंदूवर अपेक्षेपेक्षा सुमारे ३८ सेकंद आधी पोहोचतात. ३८ सेकंद मनगटी घड्याळावरही मोजता येतात. हल्स आणि टेलर यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. हा तारा आणि आपण दोघेही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत आहोत, आणि त्या प्रवेगामुळे फेरीचा काळ बदलल्याचा भास होतो. हा भास वजा केल्यावरच निरीक्षण आणि सिद्धांत ०.२ टक्क्याच्या आसपास जुळतात. पंचांगकर्त्यांच्या भाषेत बोलायचे तर दृक्प्रत्यय आला, म्हणजे गणित आणि वेध जुळले, पण निरीक्षकाच्या स्वतःच्या गतीचा संस्कार केल्यानंतर.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने शोधलेल्या जोडीत तर दोन्ही तारे स्पंदक निघाले. त्यांची फेरी २ तास २७ मिनिटांची आहे, अक्ष वर्षाला जवळजवळ १७ अंश सरकतो, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत लहरींमुळे होणारा ऱ्हास सिद्धांताशी दहा हजारांत एकाच्या आसपास जुळला.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात काय आहे हे माहीत नसताना त्याची गती कशी सांगता येते?

गणिताने केलेली ही मोठी कृपा आहे. तारा आतून कसा आहे याचा त्याच्या गतीवर होणारा परिणाम पाचव्या पायरीपर्यंत दिसतच नाही. तोवर ताऱ्याचे वस्तुमान (आणि तो स्वतःभोवती फिरत असेल तर ते फिरणे) एवढेच पुरते. म्हणूनच न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर यांना बराच काळ एकच समीकरण चालते.

पाचव्या पायरीवर भरती-ओहोटी येते. चंद्राने आपल्या समुद्राला फुगवावे तसा एक तारा दुसऱ्याला लांबवतो. कोकणातल्या उधाणाला आकाराने दोन-चार मीटर पुरतात. तेथे अख्खा तारा ताणला जातो. ताणायला ऊर्जा लागते, ती कक्षेतून जाते, आणि जोडी थोडी लवकर एकत्र येते. किती लवकर, हे ताऱ्याच्या मऊपणावर ठरते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदल्या गेलेल्या, १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून हाच मऊपणा मोजण्याचा प्रयत्न झाला आणि फार मऊ, फुगीर ताऱ्यांची प्रारूपे बाद झाली. त्रिज्या १२ किमीच्या आसपास आली. अणुकेंद्रापेक्षा दाट पदार्थाविषयी कक्षेच्या गणितातून काही कळावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

एवढ्या पायऱ्या चढायची गरज आहे का? पहिल्या दोन पुरणार नाहीत?

हा प्रश्न या पृष्ठावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

प्रत्येकी सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाचे दोन न्यूट्रॉन तारे घ्या. त्यांच्या लहरींची वारंवारता १० हर्ट्झ होते तेव्हा ते सेकंदाला पाच फेऱ्या मारत असतात, कारण एका फेरीत दोन लहरी निघतात. त्या वेळी त्यांच्यातले अंतर न्यूटनच्या सूत्राने काढले तर सुमारे ७२० किमी येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी भूगोलाच्या पुस्तकात आपण इतकीच शिकलो. डहाणूकडच्या टोकाला एक तारा, रेडीकडच्या टोकाला दुसरा, किनारा दोरीसारखा सरळ ताणलेला, आणि ही काठी सेकंदाला पाच वेळा गरगरते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सापेक्ष वेग प्रकाशवेगाच्या साडेसात टक्के. येथून विलीन व्हायला त्यांना फक्त १७ मिनिटे उरलेली असतात. वारंवारता १०० हर्ट्झ होते तेव्हा अंतर १५५ किमी असते आणि हातात दोन सेकंद.

या १७ मिनिटांत किती लहरी मोजायला मिळतील? चतुर्ध्रुवी सूत्राचे, म्हणजे अगदी पायाचे उत्तर सुमारे १६,०००. पहिल्या पायरीचा संस्कार त्यात ४४० लहरींची भर घालतो. दीडवी पायरी २१० वजा करते. दुसरी १० मिळवते, अडीचवी १२ काढून घेते, तिसरी अडीचच्या आसपास मिळवते, आणि साडेतिसरीचा वाटा एका लहरीहूनही कमी उरतो. (लहरींच्या गणितात पायऱ्या या पायाच्या सूत्रापासून वर मोजतात, गतीच्या गणितात न्यूटनपासून, नवख्यांचा येथे घोळ होतो आणि तो साहजिक आहे.)

आता मापनाची रीत लक्षात घ्यावी. वेधयंत्रात लहर गोंगाटाखाली बुडालेली असते. तिला वर काढायला आधी काढलेला नमुना त्या गोंगाटावरून सरकवत नेतात आणि कोठे ताळा जमतो ते पाहतात. नमुना आणि खरी लहर यांची कला, म्हणजे शिखर-दरीचा मेळ, अर्ध्या लहरीने जरी चुकली, तरी शिखरावर दरी येते आणि बेरीज बुडते. १६,००० मध्ये एकाचीही चूक नको असेल तर साडेतीन पायऱ्या चढण्याला पर्याय राहत नाही.

दीडव्या पायरीचे ते २१० कोठून आले हेही सांगण्याजोगे आहे. निघालेली लहर ताऱ्यांनी वाकवलेल्या अवकाशकालातून जाताना थोडी विखुरते आणि तिचा काही भाग मागाहून येतो. हरिहरेश्वरच्या कातळावर लाट आपटते आणि परतणारे पाणी पुढच्या लाटेत मिसळते, तेव्हा किनाऱ्यावर पोहोचणारी लाट ही एकट्या त्या लाटेची राहत नाही. या मागाहून येणाऱ्या भागाला लहरीची शेपटी म्हणतात. तिच्यामुळे आताची लहर ताऱ्यांच्या आताच्या स्थितीवरच नव्हे, तर त्यांच्या सगळ्या पूर्वेतिहासावर अवलंबून राहते.

तारे स्वतःभोवती फिरत असतील तर काय बदलते?

बरेच काही. फिरण्याचा अक्ष कक्षेला लंब नसेल तर कक्षेची पातळीच भोवऱ्यासारखी डुलू लागते आणि लहरींचा जोर कमी-जास्त होत राहतो. वर उल्लेखलेल्या दुहेरी स्पंदकातील एका ताऱ्याचा अक्ष वर्षाला सुमारे पाच अंश असा वळत गेला, आणि २००८ मध्ये त्याचा झोत पृथ्वीवरून निसटला. दीपगृह चालू आहे, फक्त आता त्याचा उजेड आपल्याकडे येत नाही.

अगदी शेवटच्या क्षणी ही पद्धत टिकते का?

नाही. वेग प्रकाशवेगाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर गेला की पायऱ्या लहान होण्याऐवजी सारख्याच उंचीच्या होऊ लागतात आणि बेरीज कोठे थांबवावी हे कळेनासे होते. तेथे आइन्स्टाइनची पूर्ण समीकरणे महासंगणकावर पायरी न पाडता सोडवावी लागतात. हान आणि लिंडक्विस्ट यांनी १९६४ मध्ये तसा पहिला प्रयत्न केला. त्यानंतर चाळीस वर्षे कृष्णविवरे एक फेरी पूर्ण करण्याच्या आत आज्ञावली कोलमडत असे. चूक भौतिकीत नव्हती; निर्देशकांची निवड आणि समीकरणांची मांडणी अशी होती की गणनेतली सूक्ष्म चूक घातांकाने फुगे. २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांनी प्रथम पूर्ण विलीनीकरण पार पाडले आणि काही महिन्यांतच आणखी दोन गटांनी वेगळ्या रीतीने ते साधले.

विलीन झालेले कृष्णविवर घंटेसारखे घुमते आणि शांत होते. या घुमण्याचे ठरावीक सूर असतात, हे १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवले होते, कृष्णविवरे असतात की नाही यावरच वाद चालू होता त्या काळात.

मग आरंभ, शेवट आणि घुमणे यांचा एकच नमुना कसा बनतो?

महासंगणकावर एक विलीनीकरण सोडवायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि शोधासाठी नमुने लाखोंनी हवे असतात. १९९९ मध्ये बुओनान्नो आणि दामूर यांनी न्यूटनची जुनी युक्ती परत आणली: दोन पिंडांच्या गतीऐवजी, किंचित बदललेल्या कृष्णविवराभोवती फिरणारा एकच पिंड घ्यायचा. पायऱ्यांचे सगळे ज्ञान त्या ‘किंचित बदला’त भरायचे आणि शेवटचा भाग महासंगणकाच्या उत्तरांशी जुळवून घ्यायचा. दुसरा मार्ग असा की मोजकी महाग उत्तरे आधी काढून ठेवायची आणि मधल्या सर्व स्थितींसाठी त्यांच्यावरून झटपट उत्तर देणारी आज्ञावली बांधायची.

या दुसऱ्या मार्गाशी मला ‘ग्रहलाघव’ जवळचे वाटते. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या या करणग्रंथात (पंचांगाचे गणित सोपे करून देणाऱ्या ग्रंथात) ज्या-कोटिज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, किचकट गणिते पूर्ण टाळली आहेत. अहर्गण, म्हणजे आरंभापासून मोजलेले दिवस, वाढत जाऊन अंक हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले आहे. उत्तर थोडे स्थूल येते, पण पंचांग करणाऱ्याला ते वेळेत मिळते. आजच्या नमुना बनवणाऱ्यांपुढचा पेच याच जातीचा आहे, कारण अचूक पण महिनाभर लागणारे उत्तर शोधाच्या कामाला निरुपयोगी असते. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे; त्या ग्रंथात सापेक्षता शोधणाऱ्यांनी उगाच दमू नये.

१४ सप्टेंबर २०१५ च्या, गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीत या गणिताचे काय झाले?

ते कामी आले. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची कृष्णविवरे एकत्र येऊन ६२ पटींचे एक झाले, आणि उरलेली तीन सूर्यांची ऊर्जा लहरींतून गेली. नोंद जेमतेम ०.२ सेकंदाची होती. वारंवारता ३५ हर्ट्झवरून १५० हर्ट्झपर्यंत चढताना आठेक लहरी दिसल्या. वस्तुमाने आणि १३० कोटी प्रकाशवर्षे हे अंतर नमुन्यांशी ताळा जमवूनच काढले गेले. जोडी जड असेल तर लहरी थोड्या मिळतात आणि शेवटच्या भागाचे महत्त्व वाढते; हलकी असेल तर पायऱ्यांचे.

या कामात भारताचा, विशेषतः महाराष्ट्राचा वाटा कोणता?

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच गोंगाटातून जोडताऱ्यांची लहर शोधण्यासाठी नमुने किती व कोणते घ्यावेत याचे गणित मांडले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर दुसऱ्या पायरीपासून साडेतिसरीपर्यंतच्या कलेच्या गणितात मोठा भाग उचलला. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण स्पंदकांचे ठोके मोजते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ४ किमी लांबीच्या भुजांच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

पृथ्वीही अशीच सूर्याकडे ओढली जात आहे का?

तत्त्वतः होय. पृथ्वी-सूर्य जोडीतून गुरुत्वीय लहरींच्या रूपात सुमारे २०० वॅट शक्ती जाते, म्हणजे दोन-तीन जुने पिवळे दिवे. या गतीने कक्षा संपायला १ वर २३ शून्ये इतकी वर्षे लागतील. झोप उडवण्याचे कारण नाही.

आपल्या किनाऱ्यावरून यांपैकी काही दिसते का?

डोळ्यांनी किंवा हौशी दुर्बिणीने नाही. दिशा मात्र दाखवता येते. हल्स-टेलर जोडी गरुड तारकासमूहात, श्रवण नक्षत्राच्या परिसरात आहे. पावसाळ्यात तो भाग संध्याकाळी चांगला वर असतो आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच ढग असतात, त्यामुळे नवरात्रानंतर पश्चिमेकडे झुकलेला श्रवण पाहावा. दुहेरी स्पंदकासाठी माघातल्या रात्री व्याध दक्षिणेला असताना त्याच्या खाली डावीकडे नजर न्यावी. तेथे दिसत काहीच नाही, तरीही मुले बराच वेळ पाहत राहतात, असा आमचा अनुभव आहे.

स्वतः करून पाहण्याजोगे काही आहे का?

आहे. पीटर्स यांनी १९६४ मध्ये कक्षेचा आकार आणि विमध्यता काळाबरोबर कशी घटते याची दोन समीकरणे दिली. साध्या संगणकावर लहान-लहान कालखंड घेऊन ती सोडवता येतात. हल्स-टेलर जोडीचे आकडे घालावेत. विलीनीकरणाला सुमारे ३० कोटी वर्षे आली तर आज्ञावली बरोबर आहे. दुहेरी स्पंदकासाठी साडेआठ कोटी यायला हवीत. आमच्याकडे एका विद्यार्थिनीला हल्स-टेलर जोडीची कक्षा आकसण्याचा आरंभीचा वेग १२ पट कमी येत होता. तिने विमध्यतेचे पद गाळले होते. बारा हा आकडा पाहताच चूक कोठे आहे ते तिने स्वतःच ओळखले. कालखंड ठरावीक लांबीचा ठेवला तर शेवटी उत्तर बिघडते, कारण कक्षा अखेरच्या टप्प्यात फार वेगाने आकसते. तो उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात लहान करत न्यावा.

अजून काय सुटायचे आहे?

कलेचे गणित न फिरणाऱ्या जोडीसाठी २०२३ मध्ये साडेचौथ्या पायरीपर्यंत पोहोचले. स्वतःभोवती फिरणारे तारे आणि लांबट कक्षा हे दोन्ही एकत्र आले की नमुने अजून कच्चे पडतात. लाखो सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती एखादे लहान कृष्णविवर फिरत असेल, तर तेथे वेग प्रचंड असल्याने पायऱ्या चालत नाहीत आणि फेऱ्या लाखांच्या घरात असल्याने महासंगणकही पुरत नाही. अशा जोडीसाठी लहान पिंडाचे स्वतःचेच क्षेत्र त्याला मार्गावरून किती ढकलते ते काढावे लागते. त्याची समीकरणे १९९७ मध्ये मांडली गेली. पहिल्या क्रमाचे उत्तर हाती आहे, दुसऱ्या क्रमाचे काम साध्या कक्षांपासून सुरू झाले आहे. अशा जोड्यांच्या लहरी जमिनीवरच्या यंत्रांना ऐकू येत नाहीत. त्यांच्यासाठी असलेल्या लिसा या अवकाशातील वेधशाळेला युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मान्यता दिली असून तिचे प्रक्षेपण २०३० नंतरच्या दशकाच्या मध्यास अपेक्षित आहे. नमुने त्याआधी तयार लागतील.